आमची तापी

तापी आमच्या घरी आली ती सारंगखेड्याच्या यात्रेतून. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा असते आणि तापी नदीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आज हे गाव नंदुरबार जिल्ह्यात आहे. १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला, त्याआधी ती आमच्या लेखी धुळ्याचीच यात्रा. पांढऱ्याशुभ्र नुकऱ्यांभोवती गर्दी होती, कारण वराती त्यांच्यावर निघतात. आबा, म्हणजे माझे आजोबा, एका तांबूस-तपकिरी, कुमैत घोडीपाशी थांबले. मारवाडी बांध्याची, कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडलेली. बाजारात लोक आधी अंगावरचे भोवरे बघतात, गळ्याशी देवमण हा शुभ भोवरा आहे का ते शोधतात. आबांनी ओठ उचलून दात पाहिले. दुधाचे सगळे पडून नवे आले होते, म्हणजे पाच वर्षे पुरी झालेली. मग चारही पाय उचलून खुरांचा वास घेतला, तिला कडक जमिनीवर दुडकवून टापांचा आवाज ऐकला आणि नंतरच भावाची गोष्ट काढली.

दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, बेटावद करत तिला अमळनेरजवळच्या आमच्या गावी चालवत आणले. वाटेत आबा तिच्या पाठीवर बसले नाहीत. "आजून आपली वळख नही," एवढेच म्हणाले. नदीवरून आली म्हणून नाव तापी.

ओळख करून घेण्याचे काम माझ्याकडे आले. घोड्याला नाकासमोरचे आणि बरोबर शेपटीमागचे दिसत नाही, म्हणून बाजूने, बोलत बोलत जवळ जायचे आणि खांद्यावर हात ठेवायचा. सकाळी खरारा करायचा, मानेपासून सुरुवात करून मागे मागे, हाडांवर हात हलका ठेवून. पाठीवर किंवा पोटाखालून तंग येतो तिथे घामाची खपली किंवा काडी राहिली तर खोगिराखाली, तंगाखाली जखम होते. आणि खूर. आमची काळी माती पावसाळ्यात खुरात गच्च बसते, ओल धरते आणि आतला मऊ भाग कुजू लागतो. ती रोज आकडीने टाचेकडून पुढे अशी काढायची. आबांना तबेल्यात ओली लीद खपत नसे. नालबंद दीड-दोन महिन्यांनी येई, तेव्हा पाय धरून उभे राहण्याचे कामही माझेच. कितीतरी महिने मी हेच केले.

मग बसणे आले. आधी उघड्या पाठीवर, रिकिबीशिवाय. आबा लांब दोर धरून मधे उभे आणि तापी त्यांच्याभोवती गोल फिरणार. नजर तिच्या कानांमधून पुढे, टाचा खाली, मांड्या सैल. लगाम बराच उशिरा हातात मिळाला. घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी हिरडी असते, लोखंड तिथे बसते. ओढाल तर थेट त्या हिरडीवर घाव, हे आबांनी तिच्या तोंडात माझे बोट घालून दाखवले. त्यामुळे हात आपोआप मऊ राहिले. खोगीर घालताना तापी पोट फुगवी. म्हणून चार पावले चालवून तंग पुन्हा आवळायचा. तिची दुडकी हाडे खिळखिळी करणारी होती, पण रेवाल चालीत निघाली की पाणी भरलेला तांब्या घेऊन बसावे अशी पाठ स्थिर.

एका थंडीत ती रात्री पाय आपटू लागली, वळून वळून कुशीकडे बघू लागली, लोळायला बसू लागली. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात अडकलेले वर यायला वाट नसते आणि पोटशूळ जीव घेतो. तालुक्याहून डॉक्टर येईपर्यंत आबा आणि मी तिला आळीपाळीने अंगणात चालवत राहिलो. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून औषध दिले. पहाटे लीद पडली, तेव्हा आबा भिंतीला टेकून रडले. गार पाणी ती कमी पीत होती आणि कडबा कोरडा, म्हणून आत साचले, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यानंतर हिवाळाभर आमच्या चुलीवर तिच्यासाठी पाणी कोमट होई आणि चंदीचे हरभरे आई स्वतः भिजत घाली.

पुढे ती गाभण राहिली आणि अकरा महिन्यांनी, अर्थातच रात्री, तिला शिंगरू झाले. पहाटेच्या आत ते लटपटत उभे राहून पीत होते. तापी म्हातारी होऊन, आबांच्याही नंतर, आमच्याच मळ्यात गेली.

आता सारंगखेड्याला तरुण मुले मोठ्या संख्येने येतात, याचा मला फार आनंद होतो. पण नाचणारा घोडा, त्याचा रंग आणि फोटो यांतच बहुतेकांचा दिवस जातो. घोडा घ्यायला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला माझे मनापासून सांगणे आहे: भाव विचारण्याआधी त्याचे चारही पाय उचलून बघा, आणि घरी नेल्यावर रोज उचला.