आजोबांच्या ट्रंकेतले पिस्तूल

आमच्या घरात एक लोखंडी ट्रंक आहे. जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, तेव्हा आमच्या बिऱ्हाडाबरोबर ती जुन्नर तालुक्यात आली. त्या धावपळीत आजोबांचे पलटणीतले कागद हरवले, ट्रंक तेवढी राहिली. तिच्या तळाशी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले एक पिस्तूल होते.

त्या पिस्तुलाच्या दोन कथा ऐकत आम्ही भावंडे वाढलो. वडील सांगत, आजोबा महार पलटणीत होते आणि ब्रह्मदेशच्या लढाईत त्यांनी ते एका जपानी अधिकाऱ्याकडून हिसकावून घेतले. दुसरी कथा गावातली. "पलटणीतला माल लांबवून आणला," असे लोक पाठीमागे बोलत. आजोबांनी दोन्हींबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. आई लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून गावात पोलिसांची गाडी दिसली, की तिची नजर आधी ट्रंकेकडे जाई.

वडील गेल्यावर आई म्हणाली, "माझ्यामागे हे तुमच्या गळ्यात नको. काय आहे ते एकदा कळू द्या."

आमचे मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना बोलावून घेतले. त्यांनी आधी आम्हालाच दम भरला. "नळी कुणाकडे रोखू नका, घोडा ओढून पाहू नका आणि गंज तर मुळीच घासू नका. गंजाबरोबर खुणाही जातात." मग त्यांनी स्वतः ते उघडले. आत काडतूस नव्हते.

नळी पितळेची होती. तिचे तोंड चांगले एक इंच रुंद, अंगठा आत जाईल एवढे. आतून ती गुळगुळीत होती, गोळीला फिरकी देणारे आटे नव्हते. काडतूस एका वेळी एकच बसायचे. मामा म्हणाले, "हे माणूस मारायचे पिस्तूल नव्हे. हे इशाऱ्याचे."

अशा पिस्तुलाला वेरी पिस्तूल म्हणतात. एडवर्ड वेरी या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याच्या नावावरून ते नाव पडले. त्यातून लाल, हिरव्या किंवा पांढऱ्या उजेडाची दारू आकाशात उडवतात. कोणत्या रंगाचा काय अर्थ, ते आधी ठरलेले असते. रात्री खंदकापुढची जमीन उजळायची किंवा मागच्या तोफखान्याला खूण करायची, यासाठी त्याचा उपयोग. आमच्या पिस्तुलावर इंग्रजी अक्षरे होती आणि साल होते १९१८. म्हणजे ते पहिल्या महायुद्धाच्या काळातले, इंग्रजी बनावटीचे. जपानी अधिकाऱ्याची कथा तिथेच संपली. धाकटा भाऊ हिरमुसला.

मग मामांनी भिंग मागितले. धातूवर बाणाची एक खूण ठोकलेली होती. बाण म्हणजे इंग्रज सरकारचा माल, हे मामांना ठाऊक होते. पण त्याच्यासमोर टोकाला टोक लावून दुसरा बाण होता. मामा म्हणाले, "एक बाण असला तर माल सरकारचा. दोन बाण असे समोरासमोर आले, म्हणजे सरकारने तो सेवेतून काढून रीतसर विकला."

आईने विचारले, "म्हणजे चोरीचा नाही?"

"नाही, ताई. तसा छापच मारलाय."

आई बराच वेळ बोलली नाही. मग तिने ट्रंकेतली पत्र्याची डबी आणून मामांच्या पुढ्यात ठेवली.

डबीत दोन पदके होती. एक १९३९-४५ चे युद्धपदक, दुसरे इंडिया सर्व्हिस मेडल. त्या युद्धातल्या ब्रिटिश सैनिकांची अशी पदके कोरीच दिली गेली. हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र नाव ठोकले जाई. भिंगाखाली कडेवर आजोबांचा नंबर, हुद्दा आणि नाव दिसले. ब्रह्मदेशात लढलेल्यांना मिळे तो बर्मा स्टार डबीत नव्हता. इंडिया सर्व्हिस मेडल हे देशातच तीन वर्षे सेवा केलेल्यांचे. आजोबा ब्रह्मदेशात गेलेच नव्हते.

मग त्यांची सेवा हलकी ठरते का? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी 'लढाऊ जातीं'चे खूळ काढले आणि महारांची भरती बंद केली. १९१७ साली गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरताच १९२१ साली ती मोडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर आले. महारांची स्वतंत्र पलटण हवी, हा त्यांचा आग्रह होता. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. दोनदा बंद झालेले दार उघडताच जे आत गेले, त्यांत आमचे आजोबा होते. त्यांना जपानी अधिकाऱ्याची गरज नव्हती.

पिस्तुलाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न उरला होता. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगणे गुन्हा आहे. जुनाट आणि दुरुस्त करूनही चालणार नाही अशा शस्त्राला त्यात सूट आहे. पण ते तसे आहे की नाही, हे आपण घरात बसून ठरवायचे नसते. आम्ही पोलिसांना अर्ज लिहिला आणि घरी बोलावले. एस.टी.तून पिशवीत घालून नेले नाही. पंचनामा झाला, पोच मिळाली. पिस्तूल आता त्यांच्या ताब्यात आहे. सगळे होईपर्यंत आई उंबऱ्यात उभी होती. हवालदारांना तिने स्वतः चहा दिला.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या कितीतरी घरांत असे पलटणीत गेलेले आजे-पणजे आहेत. ट्रंका उघडा. पदके भंगारात देऊ नका, कडेवरची अक्षरे वाचून वहीत उतरवून ठेवा. शस्त्र सापडले तर लपवू नका, आधी पोलिसांना कळवा. आमच्या ट्रंकेत आता पदकांची डबी वर असते. परवा नातवाने ती उघडली, तेव्हा आईने त्याला कडेवरचे नाव बोट ठेवून वाचायला लावले.