बोनमधले चार दिवस

जूनमध्ये पॅरिसला लेकीकडे जायचं नक्की झालं, तेव्हाच मी सांगून टाकलं की आयफेल टॉवर वगैरे होईलच, पण मधले चार दिवस मला बर्गंडीसाठी हवेत. गेली काही वर्षं मी वाइनविषयी वाचतो आहे. बडोद्यात राहून दुसरं करणार काय! दारूबंदीच्या राज्यातला माणूस वाइन वाचतो, पीत नाही.

सौ.ची हरकत नव्हती, पण तिचा एक प्रश्न होता. "तुम्ही पेले हुंगत बसाल, तेव्हा मी काय करू?" ती शाकाहारी आहे. अंडं, चीज चालतं, वाइन मात्र ओठाला लावणार नाही. प्रश्न रास्त होता आणि सगळा बेत मग त्याच्याभोवतीच उभा राहिला.

बोर्डो मी आधीच बाजूला ठेवलं. तिथले द्राक्षमळे दूरदूर पसरलेले, म्हणजे गाडी आली, आणि गाडी आली की चालवणाऱ्याने पेल्याला हात लावायचा नाही. बर्गंडीतला मुख्य भाग म्हणजे दिजाँ शहरापासून दक्षिणेला जाणारी जेमतेम पन्नास किलोमीटरची अरुंद पट्टी. तिच्या कडेने रेल्वे धावते. पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकावरून दिजाँ साधारण दीड तास, तिथून लोकल गाडीने बोन वीसेक मिनिटं. बोन हे जुन्या तटबंदीतलं छोटं गाव, पायी हिंडण्यासारखं. तिथेच तीन रात्री एका जागी राहायचं. रोज बॅगा भरायच्या नाहीत, ही सौ.ची अट.

या पट्टीत विशेष काय, हे तिला सांगताना आमच्या कोकणातल्या गावाची शेतं उपयोगी पडली. तिथे कसं प्रत्येक तुकड्याला नाव असतं, वडाखालचं, खळ्याजवळचं, तसंच इथे. अशा नावाच्या तुकड्याला ते 'क्लिमा' म्हणतात. असे 1,247 तुकडे 2015 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. लाल वाइनला बहुतेक पिनो न्वार, पांढरीला शार्दोने, म्हणजे द्राक्ष तेच. फरक जमिनीचा. उताराच्या माथ्यावर माती पातळ आणि गारवा जास्त, पायथ्याशी माती जड आणि पाणी धरून ठेवणारी. मधल्या पट्ट्यात पाण्याचा निचरा आणि ऊन दोन्ही जमतं, म्हणून मानाच्या 'ग्राँ क्रू' जमिनी बहुतेक तिथेच. "म्हणजे देवगडचा हापूस आणि वलसाडचा हापूस," सौ. म्हणाली. मला हे समजायला दोन पुस्तकं लागली होती.

गुरुवारी दिजाँला उतरून जेवण आणि जुन्या गल्ल्या, संध्याकाळी बोन. शुक्रवारी मळ्यांतल्या वाटेने पोमार आणि तिथून वोलने. चालणं दोघांचं, चव माझी एकट्याची. तळघरात चव घ्यायला आधी वेळ ठरवावी लागते. चव घेऊन भांड्यात थुंकणं तिथे असभ्य नाही, उलट जाणकाराचं लक्षण. सप्टेंबरमध्ये साधारणपणे तोडणी, तेव्हा पाहुण्यांकडे बघायला कुणाला सवड नसते. ऑगस्टमध्ये बरेच जण सुट्टीवर. म्हणून जून.

शनिवार मात्र तिचा. तिची सगळी नोकरी रुग्णालयात परिचारिका म्हणून गेली. बोनमधलं 'ओतेल-दिय' हे 1443 मध्ये बर्गंडीच्या ड्यूकचा चान्सलर निकोला रोलाँ आणि त्याची बायको गिगोन यांनी गोरगरिबांसाठी उभारलेलं रुग्णालय. रंगीत कौलांची नक्षी फोटोत सगळेच बघतात. सौ.ला बघायचाय तो लांबलचक कक्ष. दोन्ही बाजूंना पडदे लावलेल्या खाटा, टोकाला देवघर, म्हणजे रुग्णाला पडल्यापडल्या प्रार्थना ऐकता यावी. स्वयंपाकघर आणि औषधांची खोलीही जपलेली आहे. लोकांनी शतकानुशतकं या रुग्णालयाला मळे दान दिले. आज ते साठेक हेक्टर आहेत. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी त्यांच्या वाइनचा लिलाव होतो, 1859 पासून. पैसे रुग्णसेवेसाठी. "मग पिणारे अगदीच वाया जात नाहीत म्हणायचे," हा तिचा शेरा.

खरी मेहनत जेवणाची आहे. तिथली प्रसिद्ध अंडी लाल वाइनमध्ये शिजतात, वर डुकराच्या मांसाचे तुकडे, म्हणजे दोन्हींकडून बाद. एपवास चीज द्राक्षांच्या चोथ्यापासून काढलेल्या दारूने धुतात, तेही बाद. राहिले गुजेर, म्हणजे चीज घातलेले फुगीर गोळे. आणि शनिवारचा बाजार. जूनमध्ये चेरी, ताजा पाव, बकरीच्या दुधाचं चीज. चीजमधलं विरजण प्राण्याच्या जठरातलं असू शकतं, हे कडक शाकाहारी वाचकांनी ध्यानात घ्यावं. दुपारचं जेवण साधारण बारा ते दोनच, नंतर स्वयंपाकघर बंद. रविवारी-सोमवारी बरीच हॉटेलं बंद, म्हणून रविवारी सकाळीच परतीची गाडी. जागा राखतानाच काय चालत नाही ते लिहून कळवतो आहे. नुसतं 'शाकाहारी' म्हटलं तर सॅलडात मांसाचे तुकडे येऊ शकतात.

बाटली बडोद्याला आणायची नाही, ती लेकीकडे राहील. आणायची ती दिजाँची मोहरी, लेबल वाचून, व्हिनेगरमधली. मोहरीचे दाणे आता बहुतेक कॅनडातून येतात, नाव मात्र दिजाँचं. सौ.ला ती आपल्या फेसलेल्या मोहरीशेजारी ठेवून चाखायची आहे. सध्या ती कणीक मळताना एकच फ्रेंच वाक्य घोकते आहे, "सां व्हियांद, सां प्वासों, सां लार्दों", म्हणजे मांस नको, मासे नकोत, डुकराचे तुकडे नकोत.