तुमचं काय, दहा मिनिटांचं काम!

तुमच्या वर्गात झकास चित्रं काढणारं कुणीतरी असेलच. जर्नल तपासायला द्यायची तारीख जवळ आली, की त्याच्या बाकाभोवती कशी गर्दी होते, पाहिलंय ना? "एवढं हृदय काढून दे ना." "माझा बेडूक राहिलाय रे." बेडकामागून बेडूक काढून त्याची बोटं दुखायला लागतात आणि त्याचं स्वतःचं जर्नल तसंच पडून राहतं. नाही म्हणावं, तर लगेच ऐकू येतं, "काय भाव खातोस! तुझं काय, दहा मिनिटांचं काम!"

दोस्तांनो, हे दहा मिनिटांचं काम मोठेपणीसुद्धा पाठ सोडत नाही बरं का. मी पुस्तकांसाठी चित्रं काढतो आणि त्यावरच माझं घर चालतं. वर्षातून दहा-बारा वेळा तरी कुणी ना कुणी दारात उभं असतं. रक्तदान शिबिराचं पोस्टर हवं असतं, वसतिगृहाच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ हवं असतं, बालवाडीची भिंत रंगवायची असते. कामं चांगली, मागणारी माणसंही बहुतेक भली. फक्त शेवटचं वाक्य ठरलेलं, "समाजकार्य आहे, तेव्हा मानधनाचं काही बघू नका."

एका संस्थेच्या स्मरणिकेसाठी मी असंच चित्र केलं होतं. ते त्यांनी चार वेळा बदलून घेतलं. कार्यक्रमाच्या दिवशी त्यांचा हिशेब सहज कानावर पडला. कागदवाल्याचे पैसे दिलेले, छापखान्याचे दिलेले, मांडववाल्याला आगाऊ रक्कम, चहावाल्याचेसुद्धा चुकते. फुकट आलेलो आम्ही दोघंच. एक मी आणि दुसरी, स्वागतगीत म्हणणारी गायिका. पैसे मिळाले नाहीत याचं वाईट वाटलं नाही. (थोडं वाटलं, खोटं कशाला बोलू?) पण जास्त टोचलं ते वेगळंच. मांडव घालणं हे काम आणि चित्र काढणं ही हौस, असं त्या मंडळींनी धरूनच टाकलं होतं. मांडव एका दुपारीत उभा राहिला होता, आणि माझ्या पाच रात्री गेल्या होत्या!

मग कलावंतानं चांगल्या कामाला काही देऊच नये का? छे, छे! भरपूर द्यावं. पण काय द्यायचं, कुणाला आणि कधी, हे त्यानं ठरवावं.

पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचंच बघा. पुलंच्या लेखनाचा प्रयोग करायचा तर आधी परवानगी घ्या आणि मानधन भरा, असा सुनीताबाईंचा खाक्या होता. त्यावरून पुष्कळ जण त्यांच्यावर रुसले, कुरकुरले. पण मिळालेल्या कमाईतलं किती तरी त्यांनी पु. ल. देशपांडे फाउंडेशनमार्फत समाजाला दिलं. पुण्यात १९८६ साली 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, त्यामागेही या दोघांची देणगी होती. घेताना चोख राहिले, म्हणूनच देताना त्यांचा हात मोकळा राहिला, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट लंडनची. कधीच मोठा न होणारा, उडणारा मुलगा पीटर पॅन तुम्हाला ठाऊक असेल. जे. एम. बॅरी यांचं ते नाटक १९०४ साली रंगभूमीवर आलं. पुढे १९२९ साली ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट इथल्या मुलांच्या रुग्णालयानं बॅरींना विचारलं, "जागेसाठी निधी जमवायचाय, आमच्या समितीवर येता का?" बॅरी चक्क नाही म्हणाले! आणि थोड्याच दिवसांत त्यांनी 'पीटर पॅन'चे सगळे हक्क रुग्णालयाला देऊन टाकले. त्यातून किती पैसे मिळतात हे मात्र कुणाला सांगायचं नाही, एवढी त्यांची इच्छा होती. १९८७ साली हक्कांची मुदत संपली, तेव्हा ब्रिटनच्या संसदेनं १९८८ साली खास तरतूद केली, की ब्रिटनमध्ये या नाटकाचं मानधन पुढेही रुग्णालयाला मिळत राहावं. समितीच्या बैठकांना जाऊन बॅरींनी एवढं दिलं असतं का?

अर्थात बॅरींचं नाव तेव्हा गाजलेलं होतं. कला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, खोलीचं भाडं थकलेल्या मुलाचं काय? "तुझं नाव होईल," असं सांगून त्याच्याकडून भिंती रंगवून घेतात. नावावर खानावळवाला जेवण देत नाही. आणि माझ्यासारख्यानं फुकट केलं, की पुढच्या वर्षी त्या मुलाकडेही ते फुकटच मागितलं जातं. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची.

म्हणून आता मी दोन संस्था निवडल्या आहेत. त्यांच्या कामाचं रीतसर, पूर्ण दराचं बिल करतो आणि खाली लिहितो, 'देणगी म्हणून माफ'. बाकीच्यांना दर सांगतो. काही जण घासाघीस करतात, काही पुन्हा फिरकत नाहीत. पालकांपैकी कुणाला हे फार व्यवहारी वाटेल, वाटू दे.

त्या दोनांपैकी एक आहे लहान मुलांचं वाचनालय. गेल्या वर्षीच्या त्यांच्या अहवालात देणगीदारांची यादी होती. दोन पंखे, चार सतरंज्या आणि त्याखाली 'चित्रे, रुपये सहा हजार'. यंदा त्यांना जिन्याची भिंत रंगवून हवी होती. मला वेळ नव्हता, म्हणून मी एका नवख्या चित्रकाराचं नाव सुचवलं. वाचनालयाच्या बाईंनी माझ्यासमोरच त्याला फोन लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचा दर काय?"