हातचा चहा

चहा कोणता आवडतो, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर ठरलेले आहे : गवती चहाची दोन पाती व आल्याचा तुकडा घालून उकळलेला, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. कोऱ्या चहाची ही सवय पुण्याच्या सेमिनरीत लागली आणि पुढे मधुमेहाने ती पक्की केली.

उमरखेडची रीत नेमकी उलट. पैनगंगेकाठच्या या मुलखात पाहुणा उंबऱ्यात दिसताच आतून ‘चहा मांडते’ असे शब्द कानी येतात, आणि दूध, साखर व पत्ती एकत्र उकळून केलेला दाट, तांबूस चहा पुढे येतो. टपरीवर हाच चहा ‘कट’ म्हणून अर्धा मिळतो. वयस्क मंडळी तो बशीत ओतून, फुंकर घालीत पितात. काही घरांत गुळाचा चहा असतो. गुळाच्या उकळत्या चहात दूध ओतले की ते फाटते. म्हणून जाणती गृहिणी भांडे आधी चुलीवरून उतरविते व दूध मागाहून घालते. या साऱ्या तऱ्हा आम्ही कौतुकाने पाहिल्या, पण आपली आवड सोडली नाही. आवड जपण्यात गैर ते काय, असेच आम्हांस वाटे.

कापूस वेचणीच्या दिवसांत एकदा गावाबाहेरच्या वस्तीत एका आजारी माणसाच्या भेटीस गेलो होतो. घर ख्रिस्ती नव्हते. त्याच्या वृद्ध आईने नातवाला दुधासाठी पिटाळले व चूल पेटविली. आम्ही सहजपणे म्हणालो, “आजी, चहा नको. आम्हांला चालत नाही.”

तिने चुलीतले लाकूड मागे ओढले. “राहू द्या, फादर. आमच्या हातचा तुमालेबी चालत नसन.”

आम्ही साखरेविषयी बोललो होतो. तिने मात्र त्या दोन शब्दांत आपले सारे आयुष्य ऐकले. तिच्या तरुणपणी हॉटेलात त्यांच्या कपबश्या वेगळ्या, बाहेरच्या कोनाड्यात असत. पिऊन झाल्यावर त्या आपणच विसळून ठेवायच्या. हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, म्हणूनच ते अधिक लागले. मधुमेहाचा खुलासा आम्ही केला. तिने मान डोलविली. पण तिला तो पटला नव्हता.

परतताना आम्हांस पुण्यातील पंचहौद मिशन आठवले. विद्यार्थिदशेत तेथील देवालय आम्ही पाहिले होते. तेथे १८९० साली अँग्लिकन मिशनऱ्यांनी व्याख्यानानंतर पाहुण्यांना चहा दिला. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक होते. नावे वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य उभे राहिले, आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. ही हकिगत आम्ही दुसऱ्यांच्या कर्मठपणाचे उदाहरण म्हणून प्रवचनांत सांगत आलो. प्रभूने बहात्तर शिष्यांना धाडताना, समोर वाढतील ते खा, अशी आज्ञा केली होती; तीही अनेकदा वेदीवरून वाचून दाखविली. त्या दिवशी दोन्ही गोष्टी आमच्याच अंगावर आल्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो आणि उंबऱ्यातूनच म्हणालो, “आजी, चहा मांडा.” तिने साखर आठवणीने टाळली, दूध मात्र भरपूर घातले. आमच्या आवडीचा तो चहा नव्हता. कप रिकामा होईपर्यंत ती आमच्याकडे पाहत राहिली, आणि मग तिने स्वतःसाठी ओतला.

आजही घरी आम्ही कोराच चहा पितो. वस्तीत कोणी विचारले, तर मात्र आवड सांगत नाही. साखर तेवढी नको म्हणतो.