लोहाऱ्यातील दोन अक्षरे



ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यामध्ये उभी असलेली मूळ व्यवस्था, स्वतःच्या गरजेप्रमाणे बदलायला कोठून शिकावे, हा भाच्याच्या पत्रातील प्रश्न वेळेवर आला आहे. कारण 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपल्यानंतर जुना पण धडधाकट संगणक मोडीत काढण्यापेक्षा त्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवणे हा अनेकांपुढचा व्यवहार्य मार्ग आहे. लिनक्सची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता आणि बदलता येते, म्हणूनच सी-डॅक या सरकारी संस्थेला डेबियन या जुन्या लिनक्स संचावरून 'बॉस' ही भारतीय भाषांना सोयीची प्रणाली उभारता आली.

नवशिका बहुधा कर्नेलला, म्हणजे यंत्राशी थेट बोलणाऱ्या गाभ्याला, हात घालण्याची घाई करतो. त्यात मिरवणेच अधिक असते. रोज डोळ्यांना खुपणारा एखादा लहान दोष धरावा आणि तो नेमका कोणत्या थरात राहतो हे शोधावे, यातून पुष्कळ अधिक कळते. धाराशिवकराला असा दोष लांब शोधायला नको. आपल्याच जिल्ह्यातील लोहारा तालुक्याच्या नावावरून 'लोहाऱ्यातील' हा एकच शब्द टंकून पाहावा.

या शब्दात दोन वेगळ्या अडचणी आहेत. इन्स्क्रिप्ट कळफलकावर नुसता र, हलन्त आणि य दाबले तर 'लोहार्यातील' असे रफारवाले रूप उमटते. शिफ्टसह जे दाबून मिळणारा ऱ, त्यापुढे हलन्त आणि य दिला की मराठीचा ऱ्य मिळतो. ही अडचण युनिकोडची, म्हणजे प्रत्येक अक्षराला नेमून दिलेल्या क्रमांकांच्या जागतिक व्यवस्थेची, आणि त्या क्रमांकांपर्यंत नेणाऱ्या कळफलकाची आहे. फॉन्ट कितीही बदलला तरी ती सुटत नाही. आरंभीच्या ल चे मात्र उलट आहे. नोव्हेंबर 2009 च्या शासननिर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही रूपे ठरवून दिली असली, तरी युनिकोडमध्ये मराठी आणि हिंदी ल चा क्रमांक एकच असल्याने पडद्यावर अनेकदा हिंदी वळणाचा ल दिसतो, आणि 2023 पासून जिल्ह्याचे अधिकृत नाव झालेल्या 'धाराशिव'मधील श चीही तीच गत होते. काही फॉन्टांत दोन्ही रूपे भरलेली असतात, पण मजकूर मराठी आहे हे अक्षरे मांडणाऱ्या भागाला कोणीतरी सांगावे लागते. ते सांगण्याचे काम लोकेल, म्हणजे भाषा, प्रदेश, तारीख आणि चलन यांचे संकेत ठरवणारी प्रणालीतील नोंद, करू शकते. ती मराठी केली की अशा फॉन्टमध्ये मजकुराला हात न लावता ल आपले रूप पालटतो. लिब्रे ऑफिस या लेखन-कार्यक्रमात मात्र त्या दस्तऐवजाची भाषा मराठी निवडावी लागते.

बदल कोठे लिहावा हा पुढचा प्रश्न, आणि शिकणारा येथेच चुकतो. सर्वांसाठी असलेल्या मूळ फाइलीत केलेली दुरुस्ती पुढच्या अद्ययावतीकरणात पुसली जाण्याचा संभव असतो, तर वापरकर्त्याच्या घर-फोल्डरमधील 'कॉन्फिग' या लपलेल्या फोल्डरात ठेवलेली फॉन्टची पसंती टिकते आणि बिघडलीच तर तेवढी एक फाइल काढून टाकता येते. यापेक्षा खोल बदल आभासी यंत्रात, म्हणजे एका संगणकाच्या पोटात कार्यक्रमाने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात, आधी करून पाहावेत. अद्ययावतीकरण चालू असताना वीज गेली तर प्रणाली अर्धवट राहू शकते, तेव्हा बॅटरी किंवा इन्व्हर्टर नसेल तर ते काम भारनियमनाची वेळ टाळून करावे, हे मराठवाड्यात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

दोष फॉन्टमध्येच आढळला तर घरापुरती दुरुस्ती करून थांबू नये. फॉन्टच्या जतनकर्त्यांकडे तक्रार पाठवताना प्रणालीची आणि फॉन्टची आवृत्ती, निवडलेले लोकेल, टंकलेला शब्द आणि पडद्याचे चित्र एवढे द्यावे, आणि अपेक्षित रूप शेजारी काढून दाखवावे; मराठी न वाचणाऱ्या तंत्रज्ञाला दोन ल मधला फरक शब्दांत सांगून उमगत नाही. पहिल्या तक्रारीचा मसुदा मामाकडे धाडला तरी चालेल, तपासून परत येईल.



मामा