दोन राखणदार

सेवाग्रामच्या आश्रमात साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि पिंजरा जपून ठेवलेला आहे. साप निघाला की तो धरायचा, पिंजऱ्यात घालायचा आणि दूर रानात नेऊन सोडायचा, अशी तिथली रीत होती. वर्ध्यात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी तो चिमटा दाखवतो. २००६ च्या पावसाळ्यात मात्र तो पाहताना मला घरचा संगणक आठवला, आणि हसू आले नाही.

त्या वर्षी मी आमच्याकडच्या बोलीतले शब्द गोळा करीत होतो. बहुतेक शब्द आईच्या तोंडचे. कोथिंबिरीला आम्ही ‘सांबार’ म्हणतो, टोमॅटोला ‘भेदरं’. पुण्यातला एक मित्र ही यादी तपासून देणार होता. तो आजारी होता. किती, ते त्याने सांगितले नव्हते.

घरी नुकतेच ब्रॉडबँड आले होते आणि त्याच्यासोबत विषाणूंची धास्तीही. संगणकात एक अँटिव्हायरस होताच. विंडोज एक्सपीच्या २००४ मधील दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून त्यातली फायरवॉल आपोआप सुरू असे, तीही होती. तरी कुणीतरी दिलेल्या सीडीवरून मी आणखी एक सुरक्षा-संच चढवला. एका दाराशी दोन अनोळखी कुत्री बांधू नयेत, हे खेड्यात वाढलेल्या माणसाला खरे तर कळायला हवे होते.

झाले असे. फाइल उघडली की दोघेही तिच्यावर झडप घालीत. एकाची तपासणी संपेना, तोवर दुसरा तिला सोडेना. एकाने पकडून कोठडीत टाकलेला विषाणू दुसऱ्याला तिथेच सापडे, आणि तो पहिल्यालाच घुसखोर ठरवी. जाळ्यावरचे येणेजाणेही दोघांना आपापल्या हातून जायला हवे होते. मॉडेमचे दिवे शांतपणे लुकलुकत, पान मात्र एकही उघडत नसे.

मग मी शहाणपणा केला. नव्या संचाचा फोल्डरच पुसून टाकला. (रीतसर ‘अनइन्स्टॉल’ करायचे असते, हे ज्ञान नंतरचे.) अशी काही सॉफ्टवेअरे विंडोजच्या विन्सॉक नावाच्या व्यवस्थेत आपला एक दुवा ओवून ठेवतात. फाइल गेली तरी साखळीत तिची नोंद उरते. निघालेली माहिती त्या नसलेल्या दाराशी येऊन थांबते. म्हणजे राखणदार गेला, पण कुलूप लावून गेला. अकरा दिवस मी तारा तपासल्या, मॉडेम बंद-चालू केला, फोनवरून तक्रारी नोंदवल्या. दोष घरातच असेल, ही शंका आली नाही. भयातून केलेल्या कृतीचा संशय माणूस सहसा घेत नसावा.

अखेर एका माजी विद्यार्थ्याने काळी खिडकी उघडून ‘नेटश विन्सॉक रीसेट’ एवढेच टंकले आणि संगणक पुन्हा सुरू केला. साखळी मूळ रूपात आली. उरलेल्या अवशेषांची नोंद त्याने काढून टाकली आणि एकच अँटिव्हायरस ठेवला. “सर, दोन नको,” एवढेच म्हणाला.

आता विंडोजचा स्वतःचा डिफेंडर दुसरा अँटिव्हायरस आला की सहसा आपण होऊन मागे सरतो. पण एकटा राखणदारही घर बंद पाडू शकतो: १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. ती बातमी वाचताना मला ते अकरा दिवसच आठवले.

यादी त्याच संध्याकाळी पाठवली. पंधरवड्याने मित्राच्या मुलाने ती परत धाडली. सुरुवातीच्या चाळीसएक शब्दांवर खुणा होत्या, पुढे काही नाही. फक्त अक्षरक्रम सोडून त्याने आधीच ‘सांबार’ गाठलेला दिसत होता. त्याच्यापुढे एक प्रश्नचिन्ह होते. त्याला काय विचारायचे होते, ते मुलालाही ठाऊक नव्हते. संग्रहाच्या छापील प्रतीत मी ते प्रश्नचिन्ह तसेच ठेवले आहे.