शेरा आणि अभिप्राय

कार्यालयीन मराठीत 'शेरा' आणि 'अभिप्राय' हे दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात. मात्र त्यांचा स्वभाव भिन्न आहे. शेरा वरून खाली येतो आणि त्याला उत्तर अपेक्षित नसते. 'अभिप्राय' हा शब्द 'इ' म्हणजे जाणे या संस्कृत धातूला 'अभि' आणि 'प्र' हे उपसर्ग लागून सिद्ध झाला आहे. कोणाच्या तरी दिशेने पुढे जाणे हा भाव त्याच्या घडणीतच आहे. व्युत्पत्तीवरून शब्दाचा आजचा अर्थ ठरत नाही, हे मी वर्गात दरवर्षी बजावून सांगतो. तरीही या शब्दापाशी माझा पाय थोडा अडखळतो.

आपल्यापैकी जे शासकीय सेवेत आहेत, त्यांना गोपनीय अहवाल परिचित असेल. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिलेला निकाल भाषेच्या अभ्यासकानेही वाचावा असा आहे. सीमा रस्ते संघटनेतील एका अभियंत्याला १९९३-९४ च्या अहवालात 'चांगला' अशी नोंद मिळाली होती. पदोन्नतीसाठी मात्र पाचही वर्षे 'फार चांगला' ही नोंद आवश्यक होती. 'चांगला' ही नोंद प्रतिकूल मानली जात नसल्याने ती त्याला कळवण्यातच आली नव्हती आणि तिनेच त्याची वाट अडवली. नोंद कोणतीही असो, ती संबंधिताला कळवली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरते, हे सोस्यूरचे प्रतिपादन आपण भाषाविज्ञानात अभ्यासतो. ते एका नोकरदाराच्या आयुष्यात इतक्या कठोरपणे सिद्ध व्हावे, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. (आपल्याकडील प्रतवारीत 'निश्चित चांगला' अशीही एक पायरी आहे. मग नुसता 'चांगला' हा अनिश्चित म्हणायचा काय?)

मी पूर्वी ज्या महाविद्यालयात होतो, तेथील एका ज्येष्ठ लिपिकांच्या निरोप समारंभानंतर आम्ही दोघे व्हरांड्यात उभे होतो. त्यांच्या अहवालात वर्षानुवर्षे 'समाधानकारक' हा एकच शब्द पडत आला होता. ते शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही भाषेचे माणूस. समाधानकारक म्हणजे नेमके कोणाचे समाधान?" ते नेमके काय चांगले करत होते आणि कोठे कमी पडत होते, हे तीस वर्षांत त्यांना कोणीही समोर बसवून सांगितले नव्हते. रागावून बोलणारा अधिकारी परवडला. निदान तो आपले काम पाहतो तरी.

अभिप्राय सौम्य करण्याची साधने मराठीत विपुल आहेत. 'तुम्ही चूक केलीत' आणि 'येथे चूक झाली आहे' यांतील अंतर आपण जाणतोच. दुसऱ्या वाक्यात कर्ता आडोशाला जातो. 'हे आपण बदलू या' यातील 'आपण' बोलणाऱ्यालाही कामाला जुंपतो. पण या सौम्यतेत नेमकेपणा हरवला, तर पुन्हा 'समाधानकारक'च उरते. म्हणून स्वाध्याय तपासताना 'छान' किंवा 'असमाधानकारक' एवढेच लिहून मला थांबवत नाही. कोणते वाक्य आणि का, हे समासात लिहितो.

एका अंगणवाडी सेविकेने पावसाळ्यात पोषण आहार पोहोचवण्याविषयी अनुभवलेखन केले होते. 'काही वाक्ये फार लांब झाली आहेत. क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरायला होतो,' असे मी त्यावर लिहिले. पुढच्या स्वाध्यायाला त्यांनी जुने लेखन सुधारून जोडले आणि तळाशी पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या : 'सर, बाकीची वाक्ये तोडली आहेत. चढणीचे वाक्य मात्र लांबच ठेवले आहे. तेथे धाप लागायला हवी.'

मी ते वाक्य मोठ्याने वाचले. धाप लागली.